गळ्यातला करंटचा पट्टा आणि पोटरीवरचा चावा

वाचकहो, या सदरातून आजवर मी आपल्याला पुष्कळ उपदेश केला. मधुमेह, रक्तदाब, मुलांचे जुलाब, म्हाताऱ्यांची पडझड, काही सोडले नाही. या लेखांत चूक नेहमी रोग्याची असते आणि शहाणपण डॉक्टरचे असते, असे एका वाचकाने मागे पत्राने कळवले होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आज तो हिशेब थोडा फिटावा, कारण आजच्या लेखातली चूक माझी स्वतःची आहे.

गावाबाहेर ओढ्यापलीकडे आमचा लहानसा मळा आहे. तिथे टायगर नावाचा कुत्रा आहे, अर्धा अल्सेशियन आणि अर्धा गावठी. अंगाने दणकट, घरच्या माणसांशी लोण्यासारखा मऊ. त्याला एकच खोड होती. रस्त्याने सायकल किंवा मोटारसायकल गेली की तो भुंकत तिच्या मागे सुटे. हाक मारली तर एक कान मागे करी, पण परत येत नसे. दोन माणसे पडता पडता वाचली. साखळीने बांधावे तर दिवसभर केकाटे, आणि मळ्यातला कुत्रा मोकळा नसेल तर त्याचा उपयोग काय, असे मला वाटे.

पुण्याला असलेल्या मुलाकडे मी ही तक्रार केली. त्याने ऑनलाइन मागवून एक इलेक्ट्रॉनिक पट्टा पाठवला. गळ्यात पट्टा, हातात रिमोट, आणि बटण दाबले की कुत्र्याला झटका. सोबत पुस्तिका होती, ती मी पुरती वाचली नाही. औषधाबरोबरचा कागद वाचत नाहीत म्हणून रोग्यांवर रागावणारा मी!

पहिल्याच दिवशी सायकल आली, टायगर सुटला, मी बटण दाबले. तो किंचाळला आणि जागीच थांबला. पुढे भुंकला तरी मी बटण दाबू लागलो, गुरगुरला तरी दाबू लागलो. आठवड्याभरात सायकल दिसली की तो मान खाली घालून बसायला लागला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने हे दाखवत असे. आमची सौ. एवढेच म्हणाली, "अहो, तो ऐकतोय कुठं? तो घाबरलाय." मी ते हसण्यावारी नेले.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. आमचे दूधवाले आबा यांचा नऊ वर्षांचा नातू किटली घेऊन सायकलवरून आला. रोज येणारा पोरगा, टायगरच्या चांगल्या ओळखीचा. त्या वेळी पट्टा चार्जिंगला लावलेला होता आणि टायगर मोकळा होता. पोरगा फाटकातून सायकल ढकलत आत आला. टायगर भुंकला नाही, गुरगुरला नाही. सरळ गेला आणि त्याची पोटरी धरली.

जखम धुऊन, बाकीचे सर्व करून पोराला घरी पोचवले. संध्याकाळी आबा दवाखान्यात आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, कुत्रं तुमचं, इंजेक्शन बी तुमचंच. आमी आता कुनाकडं जायाचं?" तीस वर्षे या गावात दवाखाना चालवतो आहे, पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

हे असे का झाले, याचा मी नंतर शोध घेतला. माझ्या एका पशुवैद्य मित्राने वाचायला बरेच दिले. त्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो, कारण अशा पट्ट्यांची हौस आता आपल्या भागातल्या बंगल्यांत आणि मळ्यांतही दिसू लागली आहे.

हा पट्टा करतो तरी काय?

पट्ट्यावर काडेपेटीएवढी एक डबी असते. तिच्यात बॅटरी आणि रेडिओचा संदेश घेणारे यंत्र असते. डबीतून धातूची दोन बोथट टोके बाहेर आलेली असतात व ती मानेच्या कातडीला टेकलेली राहतात. बटण दाबले की या दोन टोकांमधून क्षणभर वीज जाते. झटका कमीजास्त करता येतो. बऱ्याच पट्ट्यांत नुसता आवाज किंवा नुसती थरथर अशीही सोय असते. हे साधन अमेरिकेत १९६० च्या दशकात शिकारी कुत्र्यांसाठी पुढे आले. दूर पळालेल्या कुत्र्याला तिथल्या तिथे अडवावे, हा त्यामागचा हेतू.

या झटक्याने कुत्रा मरत नाही. घरातल्या प्लगमधल्या विजेशी त्याची तुलना करू नये. फिजिओथेरपीच्या यंत्राने स्नायूला मुंग्या येतात त्या जातीचा हा प्रकार आहे, पण जोर वाढवला की चांगलेच दुखते. चाव्यानंतर मी तो पट्टा स्वतःच्या दंडाला लावून पाहिला. खालच्या आकड्यावर मुंगी चावल्यासारखे वाटले. मी टायगरसाठी जो आकडा लावत होतो त्यावर हात आपोआप झटकला गेला. तेच बटण मुलाला दाबायला सांगितले आणि केव्हा दाबणार ते सांगू नको म्हटले, तर पुढची पाच मिनिटे माझे दुसऱ्या कशात लक्ष लागले नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टर या नात्याने सांगतो. कोरड्या कातडीचा विजेला होणारा विरोध जास्त असतो, ओलीचा कमी. केस दाट आहेत की विरळ, पट्टा सैल आहे की घट्ट, यानेही फरक पडतो. म्हणजे आकडा तोच ठेवला तरी कुत्र्याला मिळणारा मार रोज सारखाच असेल असे नाही. शिवाय टोके तासन्‌तास एकाच जागी दाबून राहिली तर तिथे जखम होते. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला दाबाने जखमा होतात, तसाच हा प्रकार.

कुत्रा काय शिकतो?

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात आम्ही रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह शिकलो. पचनावरील कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याला खाणे देण्याआधी दर वेळी एक ठरावीक खूण केली, तर पुढे नुसत्या खुणेनेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. परीक्षेत मी याचे उत्तर चांगले लिहिले होते. पण खाण्याच्या जागी वेदना घातली तरी नियम तोच राहतो, हे मळ्यात बटण दाबताना माझ्या डोक्यात आले नाही.

माझ्या मते मी टायगरला शिकवत होतो की, "सायकलमागे धावू नकोस." टायगरला दिसत होते ते एवढेच, की सायकल आली की मान दुखते. मी लांब व्हरांड्यात होतो, सायकल जवळ होती. त्याने दुखण्याचे कारण सायकलीत पाहिले. पट्टा गळ्यात असताना तो दबून राहिला. पट्टा नसताना सायकल थेट घरात आली, तेव्हा त्याने ती परतवून लावली. कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे काही चुकले नाही.

वेदनेने प्राणी हल्ला करतो ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतील उलरिच आणि अझरिन या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका पिंजऱ्यात दोन उंदीर ठेवले होते. पिंजऱ्याच्या तळातून झटका दिला की ते एकमेकांवर तुटून पडत. ज्याच्यावर हल्ला झाला त्याने काही केलेले नव्हते, तो फक्त समोर होता. कुत्र्यांच्या बाबतीतही असे दिसले आहे. काही ठिकाणी अंगणाच्या हद्दीत अदृश्य विजेचे कुंपण करतात, कुत्रा हद्दीजवळ गेला की पट्ट्यातून झटका बसतो. अशा कुत्र्यांनी माणसांवर हल्ला केल्याच्या पाच घटना रिचर्ड पोल्स्की यांनी २००० साली मांडल्या.

माझी दुसरी चूक याहून मोठी होती. मी टायगरचे गुरगुरणे बंद केले. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना: लांब राहा, मला हे सहन होत नाही. ती सूचना शिक्षा करून बंद केली तर आतली भीती जात नाही, फक्त आवाज जातो. पोटात दुखणाऱ्या रोग्याला निदान न करता वेदनाशामक देत राहावे आणि आतले अपेंडिक्स फुटू द्यावे, तसे मी केले. रोग्याच्या बाबतीत ही चूक मी कधी केली नसती.

शास्त्रज्ञांना काय आढळले?

जर्मनीत हॅनोव्हर येथे चौदा बीगल कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाळेतील कॉर्टिसॉल मोजले होते. कॉर्टिसॉल म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारे संप्रेरक. ज्या कुत्र्यांना नकली भक्ष्याला तोंड लावले त्याच क्षणी झटका बसला, त्यांच्यात ते फारसे वाढले नाही, कारण झटका कशामुळे बसतो हे त्यांना उमगले. हाक मारूनही आली नाहीत म्हणून ज्यांना झटका दिला त्यांच्यात ते वाढले, आणि ज्यांना केव्हाही कसाही झटका बसला त्यांच्यात सर्वात अधिक वाढले. आपल्यासारखी हौशी माणसे बटण दाबतात ती कधी लवकर, कधी उशिरा, कधी रागाने. म्हणजे आपला कुत्रा बहुधा शेवटच्या गटात जाऊन बसतो.

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. मोकळे सोडल्यावर परत न येणारे किंवा मेंढरांच्या मागे लागणारे ६३ पाळीव कुत्रे त्यांनी घेतले व त्यांचे तीन गट केले. एका गटाला जाणकार प्रशिक्षकांनी इलेक्ट्रॉनिक पट्ट्याने शिकवले, दुसऱ्या गटाला त्याच प्रशिक्षकांनी पट्टा न वापरता, आणि तिसऱ्या गटाला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. तिन्ही गटांतले बहुतेक मालक निकालावर समाधानी होते. पट्ट्याने जास्त काही साधले नाही, उलट त्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली. वेल्समध्ये तर कुत्र्यामांजरांवर असे पट्टे वापरण्यास २०१० पासून बंदी आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, दोरीने ओढल्या जाणाऱ्या नकली भक्ष्यामागे धावणारे कुत्रे पट्ट्याच्या झटक्याने लवकर थांबले, आणि तेवढ्याच दिवसांत खाण्याच्या बक्षिसाने थांबले नाहीत. पट्ट्याचा परिणाम होतच नाही, असे मी म्हणत नाही. परिणाम झाला म्हणून तर मी फसलो. माझे म्हणणे एवढेच, की कुत्रा थांबलेला आपल्याला दिसतो, पण थांबताना त्याने मनात कशाशी काय जोडले ते दिसत नाही. आणि ते जोडणे एखाद्या लहान मुलाशी झाले तर किंमत मुलाला मोजावी लागते.

मग मोकळा कुत्रा परत कसा बोलवावा?

पशुवैद्य मित्राने सांगितलेली पद्धत आम्ही चार महिने केली. खर्च काही नाही, वेळ आणि चिकाटी मात्र लागते.

पहिली गोष्ट, बोलावण्याचा एकच शब्द ठरवावा. आम्ही "ये" ठरवला. तो एकदाच म्हणावा. दहादा ओरडले की पहिले नऊ वेळचे ऐकायचे नसते, असे कुत्रा शिकतो. तो शब्द रागावण्यासाठी, आंघोळीसाठी किंवा बांधण्यासाठी कधीही वापरू नये. आला की दर वेळी त्याला आवडते ते द्यावे. टायगरला उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो, भाकरीला तो फारसा भुलत नाही.

दुसरी गोष्ट, सुरुवात घरात करावी, मग अंगणात, मग मळ्यात. मळ्यात आम्ही बैलाचे दोन कासरे जोडून लांब दोर केला. तो गळ्याला न बांधता छातीवरून येणाऱ्या हार्नेसला बांधला, म्हणजे झटकन ताण बसला तरी मानेला इजा होत नाही. दोर हाताला गुंडाळू नये, बोटे कापली जातात. आल्यावर खाऊ देऊन त्याला बऱ्याच वेळा पुन्हा खेळायला सोडावे. नाहीतर "ये" म्हणजे खेळ संपला, असा त्याचा समज होतो.

तिसरी गोष्ट सायकलची. इथे पावलोव्हचा तोच नियम उलटा वापरायचा. सायकल इतकी लांब ठेवायची की कुत्र्याला ती दिसावी, पण त्याने उसळू नये. दिसली की खाऊ, गेली की खाऊ बंद. अंतर आठवड्याआठवड्याने कमी करायचे. उसळला तर आपण घाई केली असे समजून मागे यायचे. काही आठवड्यांनी सायकल दिसताच टायगर माझ्या हाताकडे बघू लागला. ते बघताना मला बरे वाटले, आणि बटण दाबलेले दिवस आठवून वाईटही वाटले.

चौथी गोष्ट, एवढे करूनही सार्वजनिक रस्त्यावर, शाळेजवळ, बाजारात कुत्रा मोकळा सोडू नये. कुत्रा कितीही गुणी असला तरी समोरच्या मुलाला तो गुणी आहे हे ठाऊक नसते. प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास कायद्याने शिक्षा आहे, हेही मालकांनी लक्षात ठेवावे. आणि शांत कुत्रा एकाएकी चिडखोर झाला तर आधी पशुवैद्याला दाखवावा. कान, दात किंवा सांधे दुखत असतील तर तो शिकवणीने सुधारणार नाही.

चावा झालाच तर

हा भाग कापून ठेवावा, अशी विनंती आहे.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफीची पूड, काही लावू नका. जखम बांधून किंवा शिवून बंद करण्याची घाई नको. त्यानंतर लगेच डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही तिथेच विचारा.

रेबीजची लस आता दंडात देतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून खेड्यापाड्यांत आहे, पण ती जुनी लस आपल्या देशातून कधीच हद्दपार झाली. नवी लस स्नायूत दिली तर चाव्यानंतर पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी देतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी देतात. रक्त आलेला चावा असेल तर जखमेत व तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, कारण लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस जातात, आणि मधल्या काळात विषाणूला तिथेच अडवावे लागते. आबांच्या नातवाच्या पोटरीत दाताची दोन भोके होती. त्यालाही हे सर्व दिले.

टायगरला दर वर्षी लस दिलेली होती. तरीही मी पोराची लस टाळली नाही. कुत्र्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावे. तो धडधाकट राहिला तर पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील, पण लस सुरू करायला दहा दिवस थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पॅरिसमध्ये पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली, तोही नऊ वर्षांचाच होता. त्यानंतर इतकी वर्षे झाली, तरी आजही जगात दर वर्षी या रोगाने सुमारे ५९,००० माणसे दगावतात असा जागतिक अंदाज आहे. त्यांतली बहुतेक वेळेवर धुतलेल्या जखमेने आणि वेळेवर घेतलेल्या लसीने वाचली असती.

आबांना मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितले, "आबा, चूक कुत्र्याची नव्हती, माझी होती." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आवं, मग त्ये आमच्या पोराला सांगा." मी पोराला सांगितले. त्याने ऐकून घेतले. जखम भरून आली आहे, डाग राहिले आहेत. पण तो अजून फाटकाच्या आत येत नाही. किटली फाटकाला अडकवतो, सायकलची घंटी वाजवतो आणि जातो. मी त्याला आत ये म्हणून आग्रह करत नाही.

कुंपण आता पुरे केले आहे आणि पट्टा कपाटात ठेवून दिला आहे. आपल्यापैकी कोणी तसा पट्टा घ्यायच्या विचारात असेल तर आधी एकदा माझ्या दवाखान्यात यावे. मी तो काढून देईन. प्रथम स्वतःच्या दंडाला लावून पाहावा, बटण दुसऱ्याच्या हातात द्यावे, आणि मग काय ते ठरवावे.